उगवत्या गायकांचा सांभाळ कोणी केला?



मोठ्या गवयांची चरित्रे वाचताना आपले लक्ष साहजिकच त्यांच्या कीर्तीकडे जाते. कोणाला कोणती पदवी मिळाली, कोणाच्या मैफलीस किती गर्दी लोटली, हे आपण आवडीने वाचतो आणि मुलांनाही सांगतो. परंतु त्या चरित्रांच्या आरंभीच्या पानांवर एक निराळाच प्रश्न उभा असतो, आणि त्याकडे आपण सहसा पाहत नाही. हा मुलगा शिकत असता त्याला जेवू कोणी घातले? तो कोणाच्या घरी राहिला? शिक्षण पुरे झाल्यावर, पण नाव होण्यापूर्वी, जी पाच-दहा वर्षे जातात, त्या वर्षांत त्याचा संसार कसा चालला? आम्ही स्वतः संगीतज्ञ नव्हे. आयुष्य शाळेत मुले शिकविण्यात गेले. त्यामुळे आमचे लक्ष गाण्याहून शिकणाऱ्या मुलाकडे अधिक जाते. त्या दृष्टीने गेल्या दीडशे वर्षांचा थोडा इतिहास समाजापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम संस्थानांचा काळ पाहू. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे श्रेय गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना दिले जाते. ही विद्या त्यांनी घरापासून शेकडो मैल दूर, धार, ग्वाल्हेर अशा ठिकाणी, अपार कष्टाने मिळविली. पुढे बुवा मिरजेस असता त्यांच्याकडे एक मुलगा शिकावयास आला. त्याचा जन्म १८७२ सालचा, गाव कुरुंदवाड. लहानपणी शोभेच्या दारूचा अपघात होऊन त्याच्या डोळ्यांना कायमची इजा झाली होती, आणि नेहमीचे शालेय शिक्षण पुढे चालणे कठीण झाले होते. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेच्या अधिपतींनी त्याच्या शिक्षणाचा व निर्वाहाचा भार उचलला. मुलाने १८९६ पर्यंत गुरूपाशी बसून विद्या घेतली. दृष्टी गेलेल्या मुलाची चिंता बहुतेक घरांत केवळ दैवावर सोडली जाई, त्या काळात एका संस्थानाने अन्न, आसरा आणि गुरू या तिन्ही गोष्टी एकत्र आणून दिल्या, आणि त्यातून हिंदुस्थानच्या संगीताचा एक कर्णधार निर्माण झाला.

असा आश्रय केवळ आपल्याकडेच होता असे नाही. युरोपात जोसेफ हायडन हा थोर संगीतकार लहानपणी व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमधील गायकमुलांत होता. वयात येताच आवाज फुटला, आणि त्याला तेथून बाहेर पडावे लागले. पुढील कित्येक वर्षे शिकवण्या करून आणि मिळेल ते काम पत्करून त्याने काढली. १७६१ साली एस्टरहाझी नावाच्या सरदार घराण्याने त्याला पदरी घेतले, तेव्हा कोठे त्याच्या प्रतिभेला निवांतपणा लाभला. गुण देवाने दिला तरी निवांतपणा माणसांनी द्यावा लागतो, हे सर्व देशांत सारखेच आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करू. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. मिरज, कोल्हापूर किंवा बडोदे यांसारखे गवयांना पदरी ठेवणारे संस्थान बुलढाणा जिल्ह्यात नव्हते. खामगावास कापसाची मोठी बाजारपेठ झाली, मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून आगगाडी धावू लागली, व्यापार वाढला. परंतु दरबाराचा आश्रय असा नव्हताच. आपल्याकडे गाणे जगले ते देवळांत, भजनी मंडळांत, कीर्तनांत आणि हरिनाम सप्ताहांत. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, गावोगाव पखवाज व पेटी यांचा नाद होता आणि आजही आहे. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी पायी पंढरपुरास निघते, तेव्हा तिच्यापुढे टाळ-मृदंगाच्या तालावर चालणारी तरुण मुले पाहिली, म्हणजे या भूमीत लय व सूर यांची कमतरता नाही, हे कोणासही पटावे. उणीव होती ती सुरास विद्येची जोड मिळण्याची.

संस्थानांच्या जोडीने दुसरा आश्रय उभा राहिला, तो नाटकमंडळ्यांचा. १८८० साली किर्लोस्कर नाटक मंडळी निघाली आणि गोड गळ्याच्या मुलांना महाराष्ट्रात एक नवे दार उघडले. मंडळीत जेवण मिळे, कपडालत्ता मिळे, शिकविणारे तालीम मास्तर मिळत, आणि प्रत्यक्ष रंगभूमीवर हजारो लोकांसमोर गाण्याचा सराव होई. परंतु या आश्रयास एक मोठी धोंड होती. मुलाचा आवाज फुटला की त्याचे महत्त्व संपे. भास्करबुवा बखले यांची हकीगत या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते बालवयात किर्लोस्कर मंडळीत होते. आवाज फुटला, तेव्हा वाट्यास अवहेलना आली. दुसरा कोणी असता तर तेथेच खचला असता. भास्करबुवांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्या पायाशी बसून वर्षानुवर्षे विद्या मिळविली आणि ते थोर गवई झाले. पुढे १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारख्यांना त्यांनी घडविले. आवाज फुटलेल्या मुलाचे दुःख ज्याने भोगले, त्यानेच पुढच्या मुलांसाठी विद्येचे घर बांधले. या गोष्टीहून बोलका धडा आमच्या पाहण्यात नाही.

तिसरा आश्रय विद्यालयांचा. विष्णु दिगंबरांनी मिरज सोडून देशभर प्रवास केला आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ साली मुंबईस शाखा काढली. राजाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर, शुल्कावर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संस्था होती. सर्वसामान्य घरांतील मुलामुलींनी प्रतिष्ठेने गाणे शिकावे ही तिची एक बाजू. दुसरी बाजू उपदेशक वर्गाची. निवडक विद्यार्थ्यांना विद्यालयातच राहवून, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करून, अनेक वर्षे कसून तालीम दिली जाई. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही सारी मंडळी याच परंपरेतील. विद्यालयातून तानसेन निघोत वा न निघोत, कानसेन तरी निघतील, असे त्या काळी म्हटले जाई. प्रत्यक्षात या विद्यालयाने दोन्ही दिले.

परंतु याची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या इमारतीसाठी झालेले कर्ज फिटले नाही आणि अखेर तिचा लिलाव झाला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णु दिगंबर निवर्तले, तेव्हा त्यांचा पुत्र दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. आता शिष्यांची परीक्षा होती, आणि शिष्य त्या परीक्षेस उतरले. विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी गुरुपुत्राच्या गाण्याची जबाबदारी घेतली. १९३५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो मुलगा जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. द. वि. पलुसकर हे नाव त्यानंतर घरोघर पोहोचले. १९५५ साली केवळ चौतिसाव्या वर्षी मृत्यूने त्यांना नेले, पण त्या अल्प आयुष्यात त्यांनी जे गायिले ते ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने टिकून आहे. गुरूचे ऋण कसे फेडावे याचे हे उदाहरण प्रत्येक शाळेत सांगण्याजोगे आहे.

आता एका विलक्षण मुलाकडे वळू. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी याचा जन्म झाला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब गाऊन दाखवी. बालवयातच त्यास 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली आणि गावोगाव त्याचे जलसे होऊ लागले. अशा मुलाचा धोका हाच असतो, की कौतुकातच त्याचे शिक्षण संपते. अकरा-बारा वर्षांचा असता त्यास मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्या हवाली करण्यात आले. देवधरांनी १९२५ साली ऑपेरा हाऊस भागात आपले संगीत विद्यालय काढले होते. तेथे सर्व घराण्यांचे गवई येत, गात, चर्चा करीत. देवधरांनी या मुलास आपली नक्कल करावयास लावले नाही. त्याच्यापुढे चांगले ते सारे ऐकण्याची पंगत मांडली आणि त्याच्या बुद्धीस वाढू दिले. पुढे त्याच विद्यालयात कुमार स्वतः शिकवूही लागला. शिकणे आणि मिळविणे यांच्यामधली दरी त्यास एकट्याने ओलांडावी लागली नाही. १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले आणि देवास येथे कित्येक वर्षे गाणे बंद ठेवावे लागले, तरी जो पाया घातला गेला होता तो ढळला नाही. आजाराच्या काळात पत्नी भानुमतीबाई यांनी केलेली शुश्रूषा हाही या सांभाळाचाच एक भाग होय.

भीमसेन जोशी यांची कथा याच्या उलट. १९३३ साली, अकरा वर्षांचा हा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली, जालंधर असा तो भटकला. ग्वाल्हेरास सरोदवादक हाफिज अली खाँ यांनी त्यास साह्य केले. जालंधरास विनायकराव पटवर्धनांनी त्यास सांगितले, की तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. एका अनोळखी मुलास योग्य दिशा दाखविणे, एवढेच विनायकरावांनी केले. पण ते किती मोलाचे ठरले! कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांपाशी काही वर्षे तालीम झाली. त्यानंतर नाव होईपर्यंतच्या काळात रेडिओवरील कामाने आधार दिला. जानेवारी १९४६ मध्ये पुण्यास गुरूंच्या साठाव्या वाढदिवसाच्या समारंभात ते गायले आणि महाराष्ट्राने त्यांना ओळखले. याच कुंदगोळास हुबळीहून आगगाडीने जाऊन गंगूबाई हनगल शिकत असत. मुलीच्या शिक्षणात प्रवास, सोबत आणि लोकापवाद यांचा भार घरच्यांना अधिक सोसावा लागे, हे येथे विसरून चालणार नाही.

सवाई गंधर्व १९५२ साली वारले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला आणि भीमसेनजींनी तो आयुष्यभर वाहिला. त्या मंचावर थोरांबरोबर नव्या गायक-वादकांनाही स्थान मिळत आले आहे. ज्याला एके काळी वाट दाखविली गेली, त्याने इतरांसाठी मंडप घातला.

आणि आता आपल्या शेजारची गोष्ट. मलकापूर-शेगावहून आगगाडीने नागपूरकडे जाताना अकोल्याच्या पुढे मूर्तिजापूर लागते. तेथे २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. आई राधाबाई यांनी नागपुरास राहून एकटीच्या कष्टावर मुलास वाढविले. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे त्याचे संगीताचे शिक्षण झाले. भालजी पेंढारकरांनी या मुलाचे गुण हेरून १९३५ च्या 'कालियामर्दन' चित्रपटात त्यास कृष्णाची भूमिका दिली. इतका उमलता आरंभ झाला. पण पुढे काय? संस्थाने क्षीण झाली होती. १९३२ पासून मराठी बोलपट सुरू झाले आणि नाटकमंडळ्या मोडू लागल्या होत्या. घर तर चालविले पाहिजे. वसंतरावांनी पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी धरली आणि ती दोन दशकांहून अधिक केली. दिवसा हिशेबाच्या वह्या, रात्री गाणे. चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून ते सर्वस्वी गाण्याकडे वळले. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

वसंतराव मोठे होते म्हणून ते या ओझ्याखालीही टिकले. पण आम्हांस सारखे वाटते, की असे ओझे घेऊन न टिकलेले किती असतील? त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. गुणी मुलाचे बालपण सर्वांना दिसते, कारण लहान मुलाचे गाणे सर्वांना गोड लागते. प्रसिद्ध गवयाचे वैभवही दिसते. या दोहोंमधली वर्षे मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. वय अठरा ते तीस. गळा तयार आहे, पण आमंत्रण नाही. बिदागी आली तरी ती तबलजी, पेटीवाले आणि प्रवास यांत संपते. घरचे लोक नोकरीचे विचारतात, आणि त्यांचेही चुकत नाही. उगवत्या गायकाचा सांभाळ करावयाचा तो मुख्यतः या वर्षांत, असे हा इतिहास आम्हांस सांगतो.

स्वातंत्र्यानंतर हे काम काही अंशी सरकारने उचलले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि विदर्भातील गायक-वादकांना घराजवळ एक दार उघडले. श्राव्य परीक्षा घेऊन श्रेणी देण्याची पद्धत, तरुणांसाठी संगीतस्पर्धा, यांमुळे शिफारसीवाचूनही गुण पुढे येण्याची सोय झाली. सांस्कृतिक गुणवंत मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९८२ पासून दिली जाऊ लागली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि परीक्षेचे प्रमाणपत्र आणि मैफलीचा गायक यांत जे अंतर आहे, ते अर्जाने भरून निघत नाही. तेथे माणसेच लागतात.

आमच्या शाळेत घाटावरच्या एका खेड्यातील विद्यार्थी होता. देवळातल्या भजनात त्याचा आवाज चढला की वाटेचा माणूस थांबे. तालुक्याच्या गावी एका शिक्षकाकडे जाऊन तो विशारदपर्यंत पोहोचला. पुढे नागपुरास राहून शिकावे अशी गुरुजींची इच्छा होती. खोलीचे भाडे आणि खानावळ यांची तोंडमिळवणी होईना. आज तो कृषी केंद्राच्या दुकानात बसतो. प्रामाणिकपणे संसार करतो, सप्ताहात अजूनही गातो. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु त्याच्या गळ्यात जे होते, ते जेवढे फुलावयाचे तेवढे फुलले नाही, ही हुरहुर गावास लागून राहिली आहे.

आता आपल्या मंडळासंबंधी दोन शब्द. आपण दहावी-बारावीच्या गुणांवर बक्षिसे देतो. वैद्यकी, अभियांत्रिकी यांना जाणाऱ्या मुलांस साह्य करतो. ते योग्यच आहे व ते चालू राहावे. त्याच्या जोडीस, वर सांगितलेल्या इतिहासाच्या आधारे, चार सूचना नम्रपणे कराव्या असे वाटते.

पहिली सूचना अशी, की समाजातील एका होतकरू गायकास वा वादकास एक वेळचे बक्षीस देण्याऐवजी सलग तीन वर्षे दरमहा साह्य द्यावे, आणि ते शिक्षण पुरे होत आलेल्या तरुणास द्यावे. शाल-नारळाने सत्कार होतो, खानावळ भागत नाही. दुसरी, नागपूर व पुणे येथील आपल्या कुटुंबांनी अशा एका मुलास वा मुलीस घरी ठेवून घेण्याची तयारी दाखवावी. मुलीच्या बाबतीत तर ओळखीचे घर हाच सर्वांत मोठा आधार असतो. तिसरी, आपल्या वार्षिक संमेलनात अशा कलावंतास निदान पाऊण तास गाऊ द्यावे. बक्षीससमारंभ आणि भोजन यांच्यामध्ये, पाने वाढण्याच्या गडबडीत, दहा मिनिटे नव्हे. तंबोरे जुळवून, चांगली साथ देऊन, सर्वांनी शांत बसून ऐकावे, आणि गाणाऱ्यास व साथीदारांस योग्य मानधन द्यावे. चौथी सूचना पालकांस. सात-आठ वर्षांच्या मुलास व्यासपीठावर नाचवू नका. त्यास चांगले गाणे ऐकवा, गुरूजवळ बसवा, आणि आवाज फुटण्याच्या वयात तर विशेष जपा.

एक गोष्ट मात्र येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते. वर जी नावे आली त्यांकडे पुन्हा पाहावे. भास्करबुवांचे गुरू मुसलमान होते. सुळेभावीच्या लिंगायत घरच्या मुलास देवधरांनी वाढविले. गोव्याच्या कुर्डी गावच्या मोगूबाईंना अल्लादिया खाँसाहेबांनी विद्या दिली. भीमसेनांस परप्रांती साह्य झाले ते हाफिज अली खाँसाहेबांचे. सूर जुळला की नाही, एवढेच या थोरांनी पाहिले. म्हणून आपले मंडळ आपल्या मुलांस साह्य करील ते अवश्य करो, परंतु गुरू निवडताना, साथीदार बोलाविताना व श्रोत्यांस निमंत्रण देताना आपले दार सर्वांस उघडे असावे. ज्या विद्येने कोणास परके मानले नाही, तिचा सन्मान याच रीतीने होतो.

संस्थाने १९४८-४९ च्या सुमारास विलीन झाली. नाटकमंडळ्या त्यापूर्वीच मोडल्या. गुरुगृही दहा-दहा वर्षे राहणेही आता विरळच झाले आहे. एकेक खांब पडला तेव्हा दुसरा कोणीतरी उभा केला, म्हणून छप्पर टिकले. आपल्या जिल्ह्यास पूर्वी असा खांब लाभला नाही, पण म्हणून पुढेही लाभू नये असे थोडेच आहे? त्यासाठी राजाची तिजोरी लागत नाही. शंभर कुटुंबांनी महिन्याकाठी थोडी रक्कम बाजूस काढली, तरी एका मुलाची तीन वर्षे निघून जातील. येत्या वार्षिक सभेत कार्यकारी मंडळाने हा विषय चर्चेस घ्यावा आणि पहिल्या वर्षी निदान एक नाव निश्चित करावे, अशी विनंती करून लेखणीस विराम देतो.